कुंडीतून आलेला शिकारी

१८७८ साली युरोपात मातीशी निगडित दोन घटना घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही देशांनी द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या किडीविरुद्ध करार केला. रोपांच्या वाहतुकीवर अनेक देशांनी मिळून बंधने घालण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्याच वर्षी लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या काचघरात सापडलेल्या एका लांबलचक, पट्टेदार, पसरट डोक्याच्या कृमीचे वर्णन हेन्री मोझली या प्राणिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले आणि उद्यानावरूनच त्याला ‘बायपेलियम केवेन्से’ हे नाव दिले. फायलोक्सेरा अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फ्रान्सात उतरली होती आणि हा कृमी कुठल्या तरी उष्ण देशातल्या रोपाबरोबर क्यूमध्ये. वाट एकच होती. किडीने द्राक्षमळे आणि वाइनचा धंदा बुडवला होता, म्हणून सरकारे हलली. कृमीची नोंद झाली आणि विषय तिथेच संपला. बागेत शिरणाऱ्या शिकारी चपटकृमींचा पुढचा सगळा इतिहास या फरकातून निघाला आहे. दरवेळी लोकांनी प्राण्याकडे पाहिले. तो ज्या मातीतून आला तिच्याकडे पाहायला फार उशीर केला. घरच्या बागेत या कृमींचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळेच चुकीच्या जागी शोधले जाते.

या प्राण्याचे शरीर समजून घेतले की त्याच्या प्रवासाचे निम्मे कोडे सुटते. पट्टकृमी आणि यकृतकृमी हे त्याचे भाऊबंद दुसऱ्यांच्या शरीरात राहतात. जमिनीवरचे चपटकृमी मात्र स्वतंत्र जगतात आणि शिकार करतात. गांडुळे, गोगलगायी आणि इतर लहान जीव हे त्यांचे अन्न. तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या बाजूला, शरीराच्या मध्याजवळ असते. भक्ष्याला चिकट स्रावाने जखडायचे, तोंडातली नळी बाहेर काढून पाचकरसाने मांस जागच्या जागी विरघळवायचे आणि ते शोषून घ्यायचे, अशी त्यांची रीत आहे. त्यांना फुप्फुसे नाहीत, रक्ताभिसरण नाही. श्वसन सारे त्वचेतून चालते. अंगातले पाणी धरून ठेवण्याची सोय नसल्यामुळे उन्हात किंवा कोरड्या जागी ते लवकर सुकून मरतात. स्वतःच्या बळावर समुद्र तर सोडाच, तापलेला डांबरी रस्ता ओलांडणेही त्यांना जमण्यासारखे नाही. मात्र ओल्या मातीचा गोळा मिळाला तर ते दीर्घकाळ तग धरतात, उपासमार झाली तर शरीर आकसून घेतात आणि तुकडे झाले तर बहुधा तुकड्यांमधून पुन्हा पूर्ण प्राणी उभे राहतात. बायपेलियम केवेन्से थंड देशांत प्रामुख्याने याच मार्गाने वाढतो. शेपटीचे टोक मातीला चिकटवून तो ते तोडून टाकतो आणि त्या तुटक्या टोकाला दहाएक दिवसांत डोके फुटू लागते. एवढी दुबळी चाल आणि एवढी चिवट प्रकृती असलेला प्राणी एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचला असेल, तर कोणी तरी त्याला मातीसकट उचलून नेले असणार, हे उघड आहे.

शास्त्रज्ञांनाही तो नीट ओळखता यायला वेळ लागला. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत भूचर चपटकृमी गोळा केले होते. टास्मानियात मिळालेले काही नमुने त्याने जवळजवळ दोन महिने जिवंत ठेवले, एकाचे आडवे दोन तुकडे केले आणि पंधरवड्यात दोन्ही तुकड्यांना पूर्ण प्राण्याचा आकार आल्याचे नोंदवून ठेवले. या काळात तो त्यांना खायला कुजके लाकूड घालत होता. ओंडक्याखाली राहणारा जीव लाकूडच खात असणार, हा तर्क साधा होता आणि चुकीचा होता. १८४४ साली त्याने या कृमींवर निबंध लिहिला. पुढे १८८१ मध्ये त्याच डार्विनने गांडुळांवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक काढले आणि इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब मांडला. म्हणजे जमिनीच्या सुपीकतेत गांडुळाचे मोल काय, हे १८८१ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते आणि गांडुळे खाणाऱ्या परक्या कृमीची क्यूमधली नोंद त्याच्या तीन वर्षे आधीची होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. त्या पिढीला माहितीच नव्हती, हा बचाव म्हणूनच अर्धाच खरा आहे.

माती उचलून नेण्याची सवय कशी लागली, याचा इतिहास काचेच्या एका पेटीपासून सुरू होतो. लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत आपोआप उगवलेले नेचे आणि गवत पाणी न घालताही तगून राहिले, हे त्याच्या लक्षात आले. त्यातून वॉर्डची पेटी तयार झाली. तळाशी माती, वर काचेचे छप्पर आणि आत स्वतःपुरती ओल. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि आतली रोपे जिवंत पोहोचली. त्याआधी लांबच्या समुद्रप्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे मरत असत. या पेटीने वसाहतींच्या शेतीचा नकाशा बदलला. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांमधून, आणि दक्षिण अमेरिकेतला सिंकोना १८६० नंतर निलगिरीत रुजला त्यातही या पेट्यांचा वाटा होता. सिंकोनाच्या त्या उत्साहाची लाट महाबळेश्वरपर्यंत आली होती. लिंगमळ्याला लागवड करून पाहिली गेली आणि ती फसली. क्यू उद्यानाने या पेट्या शतकभराहून अधिक काळ वापरल्या. रोपाला जगवणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे ओल, सावली, स्थिर तापमान आणि न हललेली माती, चपटकृमीलाही जगवणारीच होती. या शिकाऱ्याच्या प्रवासासाठी मुद्दाम वाहन बनवायचे ठरवले असते, तरी याहून सोयीचे बनले नसते. बायपेलियम केवेन्से पुढच्या काही दशकांत अनेक खंडांतल्या काचघरांमध्ये आणि बागांमध्ये दिसू लागला. त्याचे मूळ घर व्हिएतनाम ते कंबोडिया या पट्ट्यात असावे, हा निष्कर्ष मात्र निघाला १९८३ मध्ये. पाहुणा आला, जगभर पसरला आणि त्याचे गाव कुठले हे कळायला शंभर वर्षे लागली.

तरीही काचघरांत शतकभर राहूनही बायपेलियम केवेन्सेने जगबुडी आणलेली नाही, मग या कृमींचा एवढा बाऊ कशाला, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर न्यूझीलंडच्या चपटकृमीकडे वळावे लागते. वरून गडद तपकिरी, कडेने फिकट, दगडाखाली वेटोळे करून पडणारा हा प्राणी मूळचा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा. आर्थर डेंडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले आणि आज त्याच्या वंशाला डेंडीचेच नाव आहे. हा प्राणी १९६३ मध्ये बेलफास्टच्या एका बागेत आणि १९६५ मध्ये एडिंबराला आढळला. १९८२ पर्यंत तो फॅरो बेटांवर पोहोचला होता. स्कॉटलंडमधल्या नोंदींचा क्रम बोलका आहे. आधी वनस्पतिउद्याने, रोपवाटिका आणि बागसाहित्याची दुकाने, मग घरांच्या बागा आणि शेवटी शेते. जंगलातून किंवा किनाऱ्यावरून आत येणाऱ्या प्राण्याच्या नोंदी अशा क्रमाने मिळत नाहीत. रोपांच्या व्यापाराबरोबर पसरणाऱ्या प्राण्याच्याच मिळतात. त्याला थंड, ओलसर हवा लागते आणि उन्हाळ्याची साधी उष्णताही सोसत नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्याला न्यूझीलंडसारखीच हवा मिळाली आणि आयती गांडुळेही मिळाली.

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशी भीती पसरली की काही वर्षांत शेतांमधली गांडुळे संपतील. ती भीती खरी ठरली नाही. हे मान्य केले पाहिजे, कारण अतिशयोक्ती केली की तिच्यामागचा खरा धोकाही लोक झटकून टाकतात. उत्तर आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृमी असलेल्या जागी गांडुळांचे एकूण वजन सुमारे वीस टक्क्यांनी घटलेले दिसले. वरवर पाहता हा आकडा सोसण्यासारखा वाटतो. पण घट सगळ्या जातींत सारखी नव्हती. जमिनीत उभी, खोल बिळे करून रात्री वर येणाऱ्या मोठ्या गांडुळांची घट पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास होती. नेमकी हीच जात पावसाचे पाणी खाली मुरवण्याचे आणि पाचोळा आत ओढून नेण्याचे सर्वांत मोठे काम करते. सरासरीत जे लपते ते जमिनीला जाणवते. बायपेलियम केवेन्सेच्या बाबतीत काचघर हीच त्याची मर्यादा ठरली, म्हणून तो थंड देशांत निरुपद्रवी वाटला. न्यूझीलंडच्या कृमीला ती मर्यादा नव्हती. तेव्हा एखादा परका कृमी शांत राहील की नाही हे त्याच्या स्वभावावर कमी आणि तो उतरला त्या जागेच्या हवापाण्यावर अधिक ठरते. पुढचा कुठल्या कुंडीतून, कुठल्या हवेत उतरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे. हे कृमी गोगलगायी खातात. गोगलगायींनी पिकांचा फडशा पाडला आहे. तर मग एकाला दुसऱ्यावर सोडायला काय हरकत? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने एकदा देऊन झाले आहे आणि त्या इतिहासाचे एक टोक भारतात आहे. पूर्व आफ्रिकेतली राक्षसी गोगलगाय मादागास्कर आणि मॉरिशसमार्गे पुढे सरकली आणि १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. बेन्सन स्वतः शंखशिंपल्यांचा जाणकार होता. त्याने आणलेल्या गोगलगायी चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. तिथून ती भारतभर पसरली, विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेत आणि मग मलायात दिसू लागली आणि पुढे पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत गेली. काही ठिकाणी ती खाण्यासाठी मुद्दाम पाळली गेली. महाराष्ट्रात पावसाळा सुरू झाला की भिंतींवर आणि कुंड्यांवर चढणारी मोठी गोगलगाय हीच, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनचे कोवळे पीक फस्त करणाऱ्या गोगलगायींमध्येही तीच होती. एका जाणकाराच्या हौसेतून सुरू झालेली ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांनी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या अंगावर आली.

तिच्या बंदोबस्तासाठी जे केले गेले त्याने दुखणे वाढले. १९५५ मध्ये हवाईत अमेरिकेतली एक शिकारी गोगलगाय आणून सोडली गेली आणि १९७७ मध्ये तीच ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावर सोडली गेली. तिने राक्षसी गोगलगायीला आवरले की नाही यावर वाद आहेत. मूरेआवरच्या पार्तुला वंशाच्या स्थानिक गोगलगायी मात्र १९८७ पर्यंत निसर्गातून नाहीशा झाल्या. त्या आज उरल्या आहेत त्या वेळीच गोळा करून प्राणिसंग्रहालयांत वाढवल्यामुळे. याच काळात न्यू गिनीतल्या मानोक्वारी परिसरातून ज्याचे वर्णन झाले तो ‘प्लॅटिडेमस मानोक्वारी’ हा चपटकृमी पुढे आला. १९७८ मध्ये तो ग्वाममध्ये आढळला आणि तिथल्या राक्षसी गोगलगायी कमी झाल्याचे दिसले. मग १९८१ पासून फिलिपिन्सच्या बुगसुक बेटावर आणि पुढे मालदीवमध्ये तो मुद्दाम सोडला गेला. बुगसुकवर गोगलगायींची संख्या खरोखर खाली आली. म्हणून हा प्रयोग फसला असे म्हणता येत नाही. जे काम सांगितले ते त्याने केले. अडचण अशी की काम संपल्यावर थांबण्याची त्याला सवय नाही. मोठ्या गोगलगायी कमी झाल्या की तो लहान, स्थानिक गोगलगायींकडे वळतो आणि गांडुळेही खातो. जपानच्या चिचिजिमा बेटावर, जिथे तो पोहोचला होता, अभ्यासकांनी जाळीच्या पिशव्यांमध्ये जिवंत गोगलगायी ठेवून पाहिल्या. तीन दिवसांत निम्म्याहून अधिक आणि अकरा दिवसांत नव्वद टक्क्यांहून अधिक मारल्या गेल्या. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत आज त्याचे नाव आहे. शत्रूचा शत्रू आणताना त्याचा पट्टा आपल्या हातात राहील असे धरून चालणे, ही त्या योजनेतली मूळ चूक होती. बागेतल्या गोगलगायींसाठी चपटकृमी ‘मिळवण्याचा’ विचार करणाऱ्याने एवढा एकच प्रयोग आठवला तरी पुरे.

मग कायदा काय करत होता? तो होता, पण पैशाच्या मागे चालत होता. बर्नचा करार वाइनसाठी झाला. अमेरिकेने १९१९ मध्ये परदेशी रोपांवर कडक निर्बंध घातले आणि मातीसकट रोपे येऊ देणे जवळजवळ थांबवले ते शेती आणि फळबागांच्या किडींच्या धास्तीने. भारतात १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड अधिनियम आहे आणि २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने रोपांबरोबर माती आणायला मनाई आहे. ब्रिटनने १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या कृमीला वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात घातले. युरोपीय संघाने त्याला आपल्या आक्रमक जातींच्या यादीत घेतले ते २०१९ मध्ये, म्हणजे बेलफास्टच्या नोंदीनंतर छप्पन्न वर्षांनी. गांडुळाला वाइनसारखा व्यापारी वाली नसल्याचा हा परिणाम. यावर कोणी म्हणेल की आता मातीवर बंदी आहे, तर प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही, कारण बंदी देशाच्या सीमेवर आहे आणि बागेतली माती देशाच्या आत फिरते. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियम परिसरातल्या रोपवाटिकांमधून काळ्या पिशव्यांतली रोपे ट्रक भरभरून महाराष्ट्रात येतात; पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांमधली कितीतरी झाडे त्या मातीत वाढलेली असतात. देशांतर्गत विलगीकरणाचे नियम आहेत, पण ते मोजक्या पिकांच्या मोजक्या रोगकिडींपुरते. कुंडीतल्या मातीबरोबर काय येते, हे तपासण्याची जागा सध्या बागकाम करणाऱ्याच्या दाराशीच आहे.

एकटा माणूस काय करणार, हा पुढचा प्रश्न. फ्रान्समधला अनुभव त्याला उत्तर देतो. तिथे परक्या, मोठ्या आकाराच्या चपटकृमींवर २०१८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लक्षात आले की १९९९ पासून सामान्य लोकांना ते बागेत दिसत होते आणि त्यांची चित्रेही घेतली गेली होती. शास्त्रज्ञांच्या वर्तुळात ती पोहोचलीच नव्हती. नागरिकांना आवाहन केल्यावर छायाचित्रांचा पूर आला आणि त्या छायाचित्रांवरूनच या कृमींच्या फ्रान्सभरच्या वस्तीचा नकाशा तयार झाला. पुढे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ‘ओबामा नुंगारा’ या कृमीचा पसाराही असाच उलगडला आणि तो देशातल्या बहुसंख्य विभागांत आढळला. प्लॅटिडेमस मानोक्वारी युरोपात पहिल्यांदा सापडला तोही फ्रान्समध्ये, २०१३ साली, कां (Caen) शहरातल्या वनस्पतिउद्यानाच्या काचघरात. घरच्या बागेत दिसलेला विचित्र प्राणी ही क्षुल्लक बाब समजून मारून टाकली तर एक नोंद जाते. आधी स्पष्ट छायाचित्र घेतले, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले आणि ते एखाद्या जाणकाराकडे किंवा जैवविविधतेच्या नोंदी ठेवणाऱ्या सार्वजनिक मंचावर पाठवले, तर तीच नोंद शेकडो नोंदींमधली एक होते.

आपल्याकडे या सल्ल्याला एक महत्त्वाची दुरुस्ती लागते. दक्षिण आणि आग्नेय आशिया ही बायपेलियमच्या कुळाचीच भूमी आहे. मोझलीने क्यूच्या कृमीचे वर्णन करण्याआधी १८७४ मध्ये श्रीलंकेतल्या भूचर चपटकृमींच्या शरीररचनेवर सविस्तर काम केले होते. भारतातही या गटातल्या अनेक स्थानिक जाती आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीतल्या बागेत दिसलेला पसरट डोक्याचा कृमी परका असेलच असे नाही. तो त्या जंगलाचा पिढ्यानपिढ्यांचा रहिवासीही असू शकतो आणि अशाला मारणे हे निसर्गाचे नुकसान आहे. दुसरीकडे, गांडूळखतासाठी महाराष्ट्रात विकली जाणारी आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी ही गांडुळे मूळची इथली नव्हेत. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या भागात तर युरोपातून आलेली गांडुळेच जंगलाचा पाचोळा फस्त करून नुकसान करतात. म्हणून ‘परके तेवढे वाईट, देशी तेवढे चांगले’ असा सरळ नियम इथे चालत नाही. मुद्दा इतकाच आहे की ज्या जागी शिकारी आणि शिकार यांचा एकमेकांशी दीर्घ सहवास नाही, तिथे शिकाऱ्याला कोणी अडवत नाही. गांडूळखताचा वाफा ही तशीच जागा आहे. एका ठिकाणी दाट कोंडलेली, पळून जायला वाव नसलेली गांडुळे आणि कायमची ओल असलेल्या वाफ्यात एखादा कृमी शिरला तर नुकसान झपाट्याने होते. म्हणून कृमीची जात न कळताही वाफ्यापासून त्याला दूर ठेवणे योग्य, आणि मोकळ्या बागेत दिसलेल्या कृमीचा निवाडा त्याची ओळख पटल्यावर करणे योग्य.

या सगळ्या पुराव्यातून घरच्या बागेसाठी निघणारा उपाय कमी नाट्यमय आहे आणि अधिक उपयोगाचा आहे. खुरप्याने किंवा कात्रीने कृमी तोडणे हा सर्वांत नैसर्गिक वाटणारा उपाय सर्वांत वाईट ठरतो, कारण एकाचे अनेक होतात. मातीत मीठ टाकले तर कृमीबरोबर झाडही सोसते. काढायचाच असेल तर हातमोजे घालून किंवा काडीने उचलावा आणि मीठ घातलेल्या पाण्याच्या बंद डब्यात टाकावा. हातमोज्यांचे कारण भीती नव्हे, पुरावा आहे. बायपेलियम केवेन्सेसारख्या काही जातींमध्ये फुगु माशात असते तेच टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडले आहे, आणि प्लॅटिडेमससारखे कृमी उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीचे वाहक ठरू शकतात, ज्याचा संसर्ग माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. पाळीव प्राण्यांना आणि मुलांना त्यापासून दूर ठेवणे पुरेसे आहे. घाबरून बाग सोडण्याचे कारण नाही. पण हा शेवटचा टप्पा झाला. खरे काम त्याआधीचे आहे. नवे रोप आणले की ते थेट इतर कुंड्यांत न मिसळता काही आठवडे वेगळे ठेवावे. शक्य असेल तेव्हा मुळांची जुनी माती धुऊन टाकून ते ताज्या मातीत लावावे. कुंडीच्या तळाची भोके, खालची ताटली, ओल्या विटा आणि फळ्यांची खालची बाजू पाऊस पडून गेलेल्या सकाळी पाहावी, कारण कृमी दिवसा अशाच जागी दडतात. एका बागेतली माती आणि अर्धे कुजलेले खत दुसऱ्या बागेत हलवण्याची आपुलकीची सवय निदान पावसाळ्यात थांबवावी.

यावर शेवटचा आक्षेप असा की एवढी काळजी घेतली तरी रोपवाटिकेतून येणारा ओघ थांबणार नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रश्न रोपवाटिकेपर्यंत नेला पाहिजे. वॉर्डच्या पेटीने माती हलवणे स्वस्त आणि सोपे केले. त्यानंतरच्या जवळजवळ दोनशे वर्षांत माती हा रोपाचा नैसर्गिक भागच आहे असे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाटू लागले. तसे ते असायलाच हवे असे नाही. कोकोपीटसारख्या स्वच्छ माध्यमात वाढवलेले किंवा मुळे धुऊन दिलेले रोप जगते, हे फळझाडांच्या आणि शोभेच्या झाडांच्या व्यापाराने कधीच सिद्ध केले आहे. त्याला थोडा खर्च अधिक येतो आणि तो खर्च आज कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही. रोप घेताना ग्राहक फुलाचा रंग आणि किंमत विचारतो. ही माती कुठली, ती किती दिवस आणि कुठे पडून होती, हे विचारत नाही. हा एक प्रश्न काउंटरवर नियमाने विचारला जाऊ लागला, तर रोपवाटिकांची पद्धत बदलण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.